बोरीबंदर ते मुंबॅटन

मार्च १९६४ मध्ये साठ पैशांना वेताळ विकत मिळू लागला. मुंबईत बोरीबंदर स्टेशनासमोर टाइम्स ऑफ इंडियाची जुनी इमारत आहे. तो पेपर चालवणाऱ्या बेनेट, कोलमन कंपनीनं ‘इंद्रजाल कॉमिक्स’ काढलं आणि पहिल्याच अंकात वेताळाच्या पट्ट्याची गोष्ट छापली. ली फॉक या अमेरिकी लेखकानं १९३६ मध्ये वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीसाठी हा नायक घडवला होता. अंगाला चिकटलेला पोशाख, डोळ्यांवर काळी पट्टी, कवटीची अंगठी, कवटीच्या आकाराची गुहा आणि बापाकडून मुलाकडे चालत आलेलं व्रत. इंद्रजाल पुढे मराठीतही येऊ लागलं आणि हा परका गडी ‘वेताळ’ झाला. वेशीवर शेंदूर फासलेला वेताळाचा दगड लहानपणापासून बघणाऱ्या पोरांना त्याची ओळख करून द्यायची गरजच पडली नाही.

संपादकांनी मात्र डोकं लावलं होतं. मूळ गोष्टीतला देश ‘बेंगाला’. ते नाव इथं भलत्याच प्रांताची आठवण करून देणार, म्हणून त्याचं ‘डेंकाली’ झालं. वेताळाच्या घराण्याचे हाडवैरी ‘सिंग’ चाचे. तेही इथं चालण्यासारखं नव्हतं, म्हणून ते ‘सिंगा’ झाले. एका पूर्वजाचा खून करणाऱ्या खलाशाचं नाव मुळात ‘रामा’ होतं. त्याला ‘रामालू’ करून प्रकरण मिटवलं. अमेरिकी माल भारतीय दुकानात मांडताना कुठं कात्री लावायची याचा हा पहिला मोठा धडा. त्या काळात टाइम्समध्ये काम करणारे अनंत पै १९६७ मध्ये ‘अमर चित्र कथा’ घेऊन बाहेर पडले, तेव्हा हा धडा त्यांच्या गाठीशी होता. ‘अमर चित्र कथे’तला कृष्ण राम वाईरकरांनी काढला, पुढे दिलीप कदम आणि पुण्याचे प्रताप मुळीक यांनी ती शैली घराघरांत नेली. याच मुळीकांनी १९८६ मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्ससाठी नागराजही काढला. सापांचं बळ अंगात असलेला हिंदीतला तो गाजलेला सुपरहिरो आधी एका मराठी माणसाच्या कुंचल्यातून उतरला, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

सुरुवातीचे बत्तीस अंक एकट्या वेताळाचे. मग मॅण्ड्रेक जादूगार आला, त्याच्याबरोबर दांडगा लोथार आला. फ्लॅश गॉर्डन अंतराळातून उतरला. रिप किर्बी, बझ सॉयर, गार्थ येऊन गेले. अंक आधी महिन्याला निघायचा, मग पंधरवड्याला, नंतर आठवड्याला. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं तोवर आठशेच्या वर अंक निघाले होते. एसटी स्टँडवरचा पुस्तकांचा स्टॉल आणि काही पैशांत अंक वाचायला देणारी गल्लीतली लायब्ररी, या दोन रस्त्यांनी ते अंक निमशहरी महाराष्ट्रात पसरले. कव्हर फाटलेलं, शेवटचं पान गायब, तरी हातोहात फिरणारे.

या सगळ्या नायकांत एक उणीव होती. ते एकमेकांना भेटत नसत. या आठवड्यात वेताळ, पुढच्या आठवड्यात मॅण्ड्रेक. दोघांचं छप्पर एक, पण उंबरे वेगळे. वेताळ आणि लोथार यांची कुस्ती लागली तर कोण जिंकेल, मॅण्ड्रेकचं संमोहन फ्लॅश गॉर्डनचा शत्रू मिंग याच्यावर चालेल का, हे वाद वाचकांनी घालायचे. ली फॉकनं एकदाच दार थोडं किलकिलं केलं. १९७७ मध्ये वेताळ आणि डायना पामर यांचं जंगलात लग्न लागलं, तेव्हा पाहुण्यांत मॅण्ड्रेक आणि लोथार हजर होते. दोघांचा निर्माता एकच, त्यामुळे आमंत्रणाची अडचण नव्हती.

अमेरिकेत तोवर या भेटीगाठींचा कारखाना उभा राहिला होता. १९४० मध्ये ‘जस्टिस सोसायटी’नं पहिल्यांदा वेगवेगळ्या नायकांना एका टेबलाभोवती बसवलं. १९६० मध्ये डीसी कॉमिक्सची ‘जस्टिस लीग’ आली, १९६१ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांचे ‘फॅन्टास्टिक फोर’, आणि १९६३ मध्ये मार्व्हलनं ‘अ‍ॅव्हेंजर्स’ आणि ‘एक्स-मेन’ बरोबरीनं बाजारात आणले. ली-कर्बी जोडीचं मोठं काम म्हणजे त्यांनी नायकांना आपापसांत भांडायला लावलं. फॅन्टास्टिक फोरमधले चौघे जगाला वाचवतात, पण घरी परतले की त्यांच्यात धुसफूस सुरू. दगडाच्या अंगाचा बेन आणि पेटता जॉनी यांची खेचाखेच हा त्या अंकांचा अर्धा जीव होता. शत्रू दर महिन्याला बदलायचा, भांडण तेच राहायचं, आणि लोक भांडणासाठी अंक घ्यायचे.

इंद्रजालमध्ये संघाची कल्पना आली ती वेगळ्या वाटेनं. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी ‘बहादूर’ लिहिला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी तो काढला. झब्बा आणि जीन्स घातलेला हा तरुण एका दरोडेखोराचा मुलगा. बाप एका पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीनं मेला आणि त्याच अधिकाऱ्यानं पोराला वाढवलं. बहादूरच्या अंगात अचाट शक्ती नव्हती. त्यानं काय केलं, तर जयगढमध्ये लोकांना जमवून ‘नागरिक सुरक्षा दल’ उभारलं. चंबळच्या खोऱ्यातल्या डाकूंशी लढायला गावकऱ्यांचं दल, बरोबर त्याची जोडीदार बेला. सुपरहिरोंच्या इतिहासात बहादूरला कुणी धरत नाही, कारण त्याच्याकडे केप नाही. पण एकट्यानं न लढता माणसं जोडणारा इंद्रजालचा नायक तोच.

हे सगळं कागदावर. पडद्यावर काय होतं? चित्रांना हलवण्याची विद्या महाराष्ट्रात जुनी. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये काडेपेटीच्या काड्या नाचवून ‘आगकाड्यांची मौज’ केली होती. १९३४ मध्ये पुण्याच्या प्रभातनं ‘जंबू काका’ हा कार्टूनपट काढला. १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजननं मुंबईत कार्टून विभाग सुरू केला, डिस्नेचे क्लेअर वीक्स शिकवायला आले आणि राम मोहन तिथंच तयार झाले. पण या विभागाचा मालक सरकार. तिथं बोधकथा व्हायच्या, कुटुंबनियोजनाचे आणि बचतीचे संदेश व्हायचे. बाहेर पडल्यावर राम मोहन यांनी जाहिराती केल्या, सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’साठी चित्रं हलवली, पुढे जपानच्या युगो साको यांच्याबरोबर रामायणावरचा मोठा अ‍ॅनिमेशनपट केला. मुंबईत एकीकडे कॉमिक्सचे चित्रकार होते, दुसरीकडे अ‍ॅनिमेटर होते, आणि त्यांची गाठ घालून देईल असा पैसेवाला मात्र कुणी नव्हता. अ‍ॅनिमेशनला सेकंदाला चोवीस फ्रेम लागतात, नेहमीची काटकसर केली तरी बारा चित्रं. दीड तासाच्या सिनेमाचा हिशेब मांडला की निर्माता उठून जायचा.

म्हणून इंद्रजालचे नायक अखेर एकत्र आले ते अमेरिकेत. १९८६ मध्ये किंग फीचर्स आणि मार्व्हल प्रॉडक्शन्स यांनी ‘डिफेंडर्स ऑफ द अर्थ’ ही ६५ भागांची कार्टून मालिका आणली. वेताळ, मॅण्ड्रेक, लोथार आणि फ्लॅश गॉर्डन एकाच तळावर, समोर मिंग. शीर्षकगीताचे शब्द स्टॅन लीचे. गंमत अशी की या चौघांना शेजारी शेजारी बघणं अमेरिकी पोराला नवं वाटलं असेल. इंद्रजालच्या वाचकाच्या घरी, अंकांच्या पुठ्ठ्याच्या पेटीत, ते कित्येक वर्षं तसेच होते. मालिकेनं एक जुनं कर्जही फेडलं. मूळ पट्टीत लोथार बिबट्याचं कातडं पांघरलेला, मोडकंतोडकं बोलणारा मॅण्ड्रेकचा नोकर होता. साठच्या दशकात फ्रेड फ्रेडरिक्स यांनी ती पट्टी काढायला घेतली तेव्हापासून तो सुधारत गेला, आणि मालिकेत तो इतर तिघांच्या बरोबरीनं बसला. त्याचा मुलगा, वेताळाची मुलगी, फ्लॅशचा मुलगा आणि मॅण्ड्रेकनं दत्तक घेतलेला मुलगा अशी पुढची पिढीही गोष्टीत होती. बापांपेक्षा पोरांचं जास्त जमायचं.

मराठी मुलांनी हलते सुपरहिरो पाहिले ते आधी दूरदर्शनवर. ऐंशीच्या दशकात कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रं देशभर उभी राहिली आणि तालुक्याच्या गावीही अँटेना दिसू लागले. स्पायडरमॅन, ही-मॅन हे त्याच पडद्यावरचे. पण हे सगळे एकांडे शिलेदार. १ मे १९९५ ला कार्टून नेटवर्क भारतात आलं, पुढे हिंदी डबिंग आलं, आणि ब्रूस टिम यांची ‘जस्टिस लीग’ ही २००१ ची मालिका आपल्याकडच्या केबलवर पोचली. सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन, ग्रीन लँटर्न, फ्लॅश (हा गॉर्डन नव्हे), हॉकगर्ल आणि मंगळावरचा मार्शियन मॅनहंटर, असे सात जण.

सात जणांना वीस-बावीस मिनिटांत कामाला लावायचं ही लेखकाची खरी परीक्षा. सुपरमॅन सगळंच करू शकत असेल तर बाकीचे सहा कशाला? टिम यांच्या मंडळींनी उत्तर साधं ठेवलं. ताकदीची विभागणी करायची, स्वभावाची त्याहून जास्त. बॅटमॅनला उडता येत नाही, पण तो बाकीच्यांवर नजर ठेवतो. फ्लॅश सगळ्यांत वेगवान आणि सगळ्यांत उथळ, म्हणूनच लाडका. हॉकगर्ल आपली असूनही परकी, आणि पुढे तेच उघडं पडतं. एकट्या नायकाच्या गोष्टीत प्रश्न असतो, तो जिंकेल का. संघाच्या गोष्टीत हा प्रश्न मागे पडतो आणि यांचं आपसांत टिकेल का, हा पुढे येतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच ठाऊक नसतं.

संघ टिकवायचा हा प्रश्न गावाकडेही ओळखीचा. बीड जिल्ह्यात गेवराई तालुक्यातलं तलवाडा हे त्वरिता देवीचं गाव. या पट्ट्यातली असंख्य कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. संघ म्हणजे काय, हे तिथल्या पोराला सिनेमानं शिकवावं लागत नाही. मुकादमाची टोळी असते, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, कुणी तोडतो, कुणी मोळी बांधतो, कुणी गाडी भरतो, आणि एक जरी कोयता पळाला तरी उचलीचा हिशेब सगळ्यांच्या मानेवर बसतो. जस्टिस लीगच्या अंतराळातल्या तळावर चाललेली कुरबुर त्याला परकी वाटण्याचं कारण नाही. हल्ली सुपरहिरोंच्या संघांचे सिनेमे अशा गावात पोचतात ते मुख्यतः मोबाइलवर, तुकड्या-तुकड्यांत, आधी शेवटची मारामारी आणि मग सुरुवात. सिनेमाच्या शहाण्यांना हे खटकेल. इंद्रजालचे फाटके अंक आधीची पिढी याच क्रमानं वाचत होती.

कार्टून संघ लांब सिनेमात आले ते आधी डीव्हीडीवर. ‘अल्टिमेट अ‍ॅव्हेंजर्स’ २००६ मध्ये निघाला, तेव्हा जिवंत नटांचा अ‍ॅव्हेंजर्सपट यायला सहा वर्षं होती. खऱ्या माणसांच्या सिनेमात दहा नायक म्हणजे दहा मानधनं आणि दर मारामारीला वेगळा खर्च. रेखाटनात मात्र सुपरमॅननं आगगाडी उचलणं आणि सुपरमॅननं चहा पिणं यांत तेवढा फरक पडत नाही. २०१४ मध्ये डिस्नेनं मार्व्हलच्या एका कमी खपाच्या कॉमिकवरून ‘बिग हिरो ६’ केला, आणि पाच तरुण व एक गुबगुबीत यंत्रमानव यांच्या त्या संघाला ऑस्कर मिळालं. आपल्याकडे या सुमाराला वारं वेगळ्या दिशेला होतं. व्ही. जी. सामंत यांचा ‘हनुमान’ २००५ मध्ये चित्रपटगृहांत चालला आणि पुढची काही वर्षं निर्मात्यांना देवांखेरीज काही सुचेना. कॉमिक्समधून पडद्यावर आलेली आपली खणखणीत जोडी म्हणजे ‘लोटपोट’मधले मोटू-पतलू. मुंबईच्या माया डिजिटल स्टुडिओनं त्यांना २०१२ मध्ये टीव्हीवर आणलं आणि २०१६ मध्ये सुहास कडव यांच्या दिग्दर्शनात त्यांचा सिनेमाही झाला. सुपरहिरो म्हणावं असं त्या दोघांत काही नाही, सामोसे सोडले तर.

मुंबईचा सुपरहिरो घडला २००४ मध्ये. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी मार्व्हलशी करार करून ‘स्पायडर-मॅन: इंडिया’ हे चार अंकांचं कॉमिक काढलं. पवित्र प्रभाकर हा गावाकडचा मुलगा शिकायला मुंबईत येतो, माया काकू आणि भीम काकांकडे राहतो, शाळेत त्याच्या धोतराची टिंगल होते. त्याला कोळी चावत नाही, एक योगी शक्ती देतो. ग्रीन गॉब्लिनच्या जागी राक्षस अंगात शिरलेला नलिन ओबेरॉय आहे. चार अंक आले आणि प्रकरण तिथंच थांबलं. कोळ्याच्या जाळ्याखाली धोतर हा पोशाख तेव्हा बऱ्याच जणांना हास्यास्पद वाटला होता, आणि त्यात तथ्यही होतं. पण शहरात नव्यानं आलेल्या, कपड्यांवरून हिणवल्या जाणाऱ्या पोराची गोष्ट मात्र खरी होती. मराठवाड्यातून मुंबई-पुण्याला शिकायला गेलेल्या कुणालाही ती समजावून सांगावी लागत नाही.

दहा वर्षांनी डॅन स्लॉट या लेखकानं ‘स्पायडर-व्हर्स’ या मोठ्या कॉमिक कथानकात जगोजागचे स्पायडरमॅन गोळा केले, त्यात पवित्रही वर आला. २०१८ मध्ये सोनीनं ‘स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स’ काढला आणि कार्टून संघपटाचं व्याकरणच बदललं. नायक माइल्स मोरालेस हा ब्रुकलिनचा शाळकरी मुलगा; ब्रायन मायकल बेंडिस आणि सारा पिचेली यांनी त्याला २०११ मध्ये कॉमिकात आणलं होतं. त्याच्या जगात इतर जगांतले स्पायडर येऊन पडतात, आणि प्रत्येक जण आपली चित्रशैली घेऊन येतो. एक काळ्यापांढऱ्या जुन्या गुप्तहेरपटातला, एक जपानी अ‍ॅनिमेतली मुलगी, एक चक्क डुक्कर. जाळं फेकायला अजून शिकत असलेला माइल्स सेकंदाला बारा चित्रांत हलतो, तर मुरलेला स्पायडरमॅन पीटर चोवीसांत. त्यामुळे एकाच चौकटीत माइल्स अडखळतो आणि पीटर वाहत जातो. कुणी अवघडलेलं आहे हे संवादाशिवाय कळतं. पार्श्वभूमीत छपाईचे ठिपके आहेत, आणि लांबची वस्तू धूसर करण्याऐवजी तिचे रंग रेषेबाहेर सरकवले आहेत, स्वस्त छपाईत रंगांचे ठसे चुकतात तसे. या सिनेमाला २०१९ मध्ये ऑस्कर मिळालं.

दुसरा भाग ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ १ जून २०२३ ला भारतात लागला, दहा भाषांत, आणि त्यांत मराठी होती. हिंदी आणि पंजाबीत पवित्रला आवाज दिला क्रिकेटपटू शुभमन गिलनं. या सिनेमात माइल्स, दुसऱ्या जगातली स्पायडर ग्वेन आणि लंडनचा पंक गिटारवाला होबी हे पवित्रच्या शहरात उतरतात. ते शहर म्हणजे मुंबॅटन. मॅनहॅटनचे मनोरे आणि मुंबईची गर्दी एकमेकांवर रचलेली, वरपासून खालपर्यंत रहदारीच रहदारी. आणि हे शहर रंगवताना कलावंतांनी समोर ठेवले होते सत्तरच्या दशकातले इंद्रजाल कॉमिक्सचे अंक. बोरीबंदरहून निघालेला, वर्तमानपत्री कागदावरचा, रंग फिसकटलेला माल, ज्याला आपल्याकडे जपून ठेवण्यालायक कुणी मानलं नव्हतं, तो पन्नासेक वर्षांनी सोनीच्या चित्रकारांच्या टेबलावर नमुना म्हणून पडला होता.

मुंबॅटनचा प्रसंग छोटाच, पण संघपटाची सगळी कळ त्यात दिसते. पवित्र सहा महिन्यांपासून स्पायडरमॅन आहे आणि त्याला सगळं सोपं जातंय. केसांना तेल, गप्पा, मधेच इंग्रजांवर एक टोला, ‘चाय टी’ म्हणणाऱ्या माइल्सची खरडपट्टी. होबीचं अंग, जाकीट आणि गिटार वेगवेगळ्या गतीनं हलतात, म्हणून तो चौकटीत कधी बसतच नाही. मग स्पॉट नावाचा खलनायक एका प्रयोगशाळेत गोंधळ घालतो, इमारत कोसळू लागते, आणि चौघांना वाटून काम करावं लागतं. पवित्रची मैत्रीण गायत्री एका बसमध्ये अडकली आहे, तिचे वडील इन्स्पेक्टर सिंग ढिगाऱ्याखाली येणार आहेत. पवित्र गायत्रीकडे झेपावतो, माइल्स सिंगना वाचवतो. सगळे खूश. आणि तिथंच गोम निघते. प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात जवळचा पोलीस अधिकारी मरायलाच हवा, नाहीतर ते जगच फाटतं, असा नियम असल्याचं सगळ्या जगांतल्या स्पायडरांना एकत्र बांधणाऱ्या मिगेल ओ’हाराच्या स्पायडर-सोसायटीचं म्हणणं आहे. एका चांगल्या कामाबद्दल माइल्स गुन्हेगार ठरतो आणि शेकडो स्पायडर त्याच्या मागे लागतात. सुपरहिरोंचा संघच सरकारी खात्यासारखा वागू लागतो, हे या सिनेमाचं धाडस.

एक मात्र हुकलं. कॉमिकातलं पवित्रचं गाव सिनेमानं गाळलं. पडद्यावरचा पवित्र जन्मजात शहरी, आत्मविश्वासानं भरलेला, कसलंही ओझं नसलेला. विनोदासाठी ते चाललं, पण माइल्स ज्या परकेपणानं होरपळतो तो पवित्रकडेही होता, आणि दोघांना त्या एका धाग्यानं जोडता आलं असतं. चार अंकांच्या त्या फसलेल्या कॉमिकात तलवाड्याहून मुंबई गाठणाऱ्या मुलाला आपला वाटेल असा नायक होता. कोट्यवधी डॉलर्सच्या सिनेमात तो गुळगुळीत झाला.

सिनेमा अर्ध्यावर तुटतो. माइल्स भलत्याच जगात अडकलेला आणि त्याला शोधायला ग्वेन नवी टोळी बांधते. पीटर, त्याची तान्ही मुलगी, डुक्कर, काळापांढरा गुप्तहेर, होबी, आणि त्यांच्यात पवित्र प्रभाकर. तिसरा भाग ‘बियॉंड द स्पायडर-व्हर्स’ २०२७ साठी जाहीर झाला आहे.